मुखवट्याला दुखत नाही

मितिलीनी
द्राक्षं खुडून झाल्यानंतरची पौर्णिमा

फिलीनसकडून ऑनेटरदादाला. तू, मेलित्तावहिनी आणि बाबा, तिघंही सुखात असा.

दादा, बंदरात अथेन्सला जाणारं शेवटचं गलबत उभं आहे. त्याचा तांडेल खारवलेल्या माशांच्या एका बरणीवर पत्र न्यायला तयार झाला. यानंतर समुद्र बंद. म्हणून घाईत लिहितोय, अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुला वाटतं तसे हेर्मॉन गुरुजी दिवसभर दाढी कुरवाळत बसत नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी शोकनाटकांवर व्याख्यानं दिली. करुणा आणि भीती मनात दाटून येतात, वाहून जातात आणि माणूस हलका होऊन घरी जातो, असं त्यांचं म्हणणं. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. यंदा विनोदाची पाळी आहे आणि इथेच गाडं अडलंय. आमच्या पडवीत जेवढे शिष्य बसतात, त्यांच्यात मनापासून हसता येणारा एकही नाही.

गुरुजींचं सूत्र असं, की हसू येतं ते दोषाचं आणि कुरूपपणाचं, पण अशाचं, की ज्यात कुणाला दुखत नाही. विनोदी मुखवटा वेडावाकडा असतो, नाक नकटं, तोंड फाकलेलं, पण त्याला वेदना नसते. मी म्हणालो, माझा भाऊ अथेन्सात विनोदी नाटकं लिहितो आणि बाप जन्मभर ती रंगमंचावर करत आला. गुरुजी लगेच म्हणाले, "मग भावाला विचार, लोक नेमके कशाला हसतात. घडलेलं हवं, रचलेलं नको." तेव्हा कामाला लाग.

बाबांचे गुडघे कसे आहेत? आता तरी काम सोडलं का त्यांनी? मी निघालो तेव्हा ते धक्क्यावर आले नव्हते. दाराआडूनच म्हणाले, "तत्त्वज्ञानी लोकांत चाललायस, हसायचं विसरू नकोस रे." त्यांना सांग, विसरलो नाही, सवय तेवढी मोडली आहे.

प्रकृतीला जप.

तुझा फिलीनस

*

अथेन्स
भर हिवाळ्यातले खंड्याचे शांत दिवस

ऑनेटरकडून फिलीनसला. तू खुशाल असशीलच. पडवीत बसणाऱ्याला काय धाड भरलीय!

खंड्या अंडी उबवतोय म्हणून समुद्र निपचित पडलाय, असं खलाशी म्हणतात. तेवढ्यात एक छातीचा गलबतवाला निघालाय, त्याच्याकडे हे देतोय.

तुझे गुरुजी विनोदाचा अभ्यास करतात हे ऐकून मेलित्ता म्हणाली, "म्हणजे मासा खायचा सोडून काटे मोजत बसायचे." मी काही बोललो नाही हं. आमच्या वेशीबाहेरच्या बागेतले थोरले आचार्य तर म्हणून गेले, की कवींना गावाबाहेर घालवा, सोंगं घेता घेता माणूस त्या सोंगासारखाच होतो. तुझे गुरुजी निदान आम्हाला पडवीत तरी बसवतात. त्यांना माझा नमस्कार सांग.

आता बातमी. वसंतातल्या मोठ्या उत्सवासाठी माझं नाटक निवडलं गेलंय. नाचगाण्याचा कोरस मंजूर झाला, खर्चाला धनिक मिळाला, सगळं मिळालं. पण मागच्या दोन्ही खेपांना मी शेवटून पहिला आलो होतो. आणखी एकदा तसं झालं तर मला कुणी दारात उभं करणार नाही. त्यामुळे जेवण गोड लागत नाही.

तुला घडलेलं हवं ना? मग ऐक. परवा डोंगरापलीकडच्या गावात डायोनिसस देवाची जत्रा होती, तिथे आम्ही जुनंच एक नाटक केलं. आमच्यात एक म्हातारा नट आहे. तिन्ही सोंगं तोच करतो, कंजूष बाप, त्याची कजाग बायको आणि आचारी. रंगपटात गेला, मुखवटा बदलला, बाहेर आला. पण घालून आला बायकोचा आणि बोलू लागला बापाची वाक्यं! "कुठे आहे ती सटवी? येऊ दे समोर, तंगडंच मोडतो!" आणि सटवी हाच! पांढराफटक चेहरा, गालांना लाली, हातात बापाची काठी, आणि स्वतःलाच शोधतोय. दारामागे डोकावला, कोरसच्या रांगेत घुसून एकेकाला निरखून पाहिलं. लोक बाकांवरून खाली घसरले. एक तेली तर हसता हसता रडायला लागला आणि शेजारच्याने त्याच्या पाठीवर थापट्या मारल्या.

परत आत आला तेव्हा घामाने निथळत होता. काय झालं ते त्याला कळलंच नव्हतं. आम्हाला विचारतो, "हसले का?" आम्ही म्हणालो, "हसले."

हे तुझ्या गुरुजींच्या तराजूत घाल. कारण मी हाच प्रकार माझ्या नाटकात घ्यावा म्हणतोय, त्याच म्हाताऱ्याला घेऊन. घेऊ का?

बाबा ठीक आहेत. गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून रंगमंच सोडला. अंगणात अंजिराखाली बसून येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवतात.

ऑनेटर

*

मितिलीनी
बदामाला फुलं आली आहेत

फिलीनसकडून दादाला. तुला यश येवो.

दादा, काय पत्र लिहिलंस! तुझा तो छातीचा गलबतवाला परत निघालाय, त्याच्याकडेच हे देतोय. मी ते पडवीत मोठ्याने वाचलं. "सटवी हाच" इथे पोचलो तेव्हा गुरुजींच्या हातून बोरू पडला. मी त्यांना इतकं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. मला स्वतःला पुढचं वाचता येईना, दोनदा थांबावं लागलं.

मग चर्चा झाली. तुमचे ते बागेतले आचार्य एक गोष्ट चांगली सांगून गेलेत. हसू येतं ते स्वतःला न ओळखणाऱ्या माणसाचं, मात्र तो दुबळा हवा. बलवान माणूस स्वतःला ओळखत नसेल तर त्याची भीती वाटते. तुझा म्हातारा दुबळा आहे आणि आपण या घटकेला बाप आहोत की बायको, हेही त्याला ठाऊक नाही. अगदी मापात बसतो.

आमच्यातला थेओन नावाचा एक रडका शिष्य म्हणाला, "पण त्या म्हाताऱ्याला दुखलं का, ते कुणी विचारलं?" मी ताडकन म्हणालो, "तो मुखवट्यात होता, आणि मुखवट्याला दुखत नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. गुरुजींनी माझं ते वाक्य लिहून घेतलं! दादा, मला इथे येऊन एवढी वर्षं झाली, पण माझं एकही वाक्य आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं.

तेव्हा बेलाशक घे नाटकात. तत्त्वज्ञानाची तुला परवानगी आहे. फक्त आणखी बारकावे कळव. मुखवटा चढवण्याआधी तो काय करतो, चूक होते ती कुठल्या क्षणी, सगळं लिही. वसंतात गुरुजी याच उदाहरणावर व्याख्यान देणार आहेत आणि ते वाचून दाखवायचा मान मला मिळणार आहे.

बाबांना हे पत्र वाचून दाखव. त्यांनाही मजा वाटेल.

फिलीनस

*

अथेन्स
पहिल्या पाकोळ्या आल्या

ऑनेटरकडून फिलीनसला.

तू नाही म्हणशील असं मला वाटलं होतं. होकार वाचला आणि डोक्यावरचं ओझं उतरलं, निदान दिवसभरापुरतं तरी.

बारकावे मागितलेस, घे. माझ्या नाटकातही त्याला तीच तीन सोंगं दिलीत, आणि रंगपटात तीन खुंट्या आहेत. मी तालमीआधी मुखवट्यांच्या जागा बदलून ठेवतो. बापाच्या खुंटीवर बायको, बायकोच्या खुंटीवर आचारी. म्हातारा खुंटी बघून मुखवटा घेतो, त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नाही. पूर्वी न बघता बरोबर घ्यायचा, आता न बघता चुकीचा घेतो, एवढाच फरक. मग मुखवटा उलटा धरतो, दृष्ट लागू नये म्हणून आत तीनदा थुंकतो आणि त्याला म्हणतो, "चल रे लबाडा, घटकाभर तुझं तोंड मला उसनं दे." आणि चढवतो. त्यानंतर पाठ अशी ताठ होते की विशीतला गडी वाटावा.

तालमीत कोरसवाले इतके हसले, की पावा वाजवणाऱ्याला फुंकच मारता येईना. एकदा तर म्हातारा आचाऱ्याच्या मुखवट्यात बायकोसारखा रडला. लिहून असं सुचत नाही रे. मी कोपऱ्यात बसून त्याच्या चुका टिपून घेतो.

दुसरा नट सोसिबिअस मात्र काल माझ्या अंगावर आला. "मला हे बघवत नाही," म्हणाला. मी त्याला तुझं वाक्य ऐकवलं, मुखवट्याला दुखत नाही. तो म्हणाला, "तुझा भाऊ लांब राहतो, नाही का?" आणि निघून गेला. आज परत आला, पण माझ्याशी बोलत नाही.

बाबा बरे आहेत.

ऑनेटर

*

मितिलीनी
त्याच महिन्याची अमावास्या

ऑनेटर,

मुखवट्यात तीनदा थुंकून त्याच्याकडे उसनं तोंड मागणारा माणूस सगळ्या ग्रीसमध्ये मला एकच ठाऊक आहे. लहानपणी त्यांच्या खांद्यावर बसून मीही थुंकायचो आणि तू मला हसायचास.

आम्हाला इथे शिकवतात, की नाटकात माणसाची ओळख एखाद्या खुणेवरून पटवणं ही सगळ्यांत हलकी कारागिरी. मला माझा बाप खुणेवरून ओळखावा लागला. आणि कधी? सगळ्या पडवीसमोर तुझं पत्र वाचताना. "लबाडा"पर्यंत आलो आणि पुढे वाचताच येईना. त्यांना वाटलं, मागच्यासारखाच हसू आवरायला थांबलोय. ते हसायलाही लागले.

"तो म्हातारा" म्हणालास तू बाबांना! "चुका टिपून घेतो" म्हणालास! ज्यांनी आपल्याला हाताला धरून रंगपटात नेलं, त्यांच्यासाठी तू खुंट्यांचा सापळा लावतोस? शिकाऱ्याला तरी पोट असतं. तुला काय आहे? आणि वर मला लिहितोस, अंजिराखाली बसून टर उडवतात. उडवतंय कोण आणि उडतेय कुणाची?

मी हसलो रे, दादा. डोळ्यांतून पाणी येईतो हसलो, आणि ते वाक्य, ते शहाणं वाक्य, माझ्याच तोंडून बाहेर पडलं. परवापासून रडतोय, पण त्याने मन धुऊनबिऊन निघत नाही. गढूळच होत चाललंय.

गुरुजींकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी आपली टिपणं उलगडली. मग म्हणाले, "मी लिहिलं होतं, दुखत नसेल तर. कुणाला, ते लिहायचं राहिलं." व्याख्यान रद्द केलं त्यांनी.

बाबांना त्या नाटकातून काढ. काढलं नाहीस तर मला भाऊ नाही.

फिलीनस

*

अथेन्स
उत्सवाला थोडेच दिवस राहिले आहेत

फिलीनस,

शिव्या मिळाल्या. सगळ्या मला लागू आहेत, एकही परत करत नाही. थुंकण्याचं मी लिहिलंच का, याचा कालपासून विचार करतोय. तू ओळखावंस म्हणूनच लिहिलं असेल. एकट्याला हे पेलत नव्हतं.

आता माझं ऐक. गेल्या उन्हाळ्यात सुरू झालं. आधी मला तुझ्या नावाने हाक मारू लागले. मला वाटलं, धाकट्याची आठवण येते म्हाताऱ्याला. मग आईला शोधू लागले. आईला जाऊन किती वर्षं झाली! उन्हं उतरली की दारात उभे राहतात. "ही बाजारातून आली नाही अजून." मेलित्ता सांगायची, "बाबा, आई वारल्या." मग ते रडायचे, अगदी पहिल्यांदा ऐकल्यासारखे. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात. पुन्हा तेच सांगायचं, पुन्हा तेच रडणं. शेवटी तिनेच सांगणं सोडलं. आता म्हणते, "येतीलच एवढ्यात, तुम्ही आत येऊन मसुराचं कालवण घ्या." आणि ते मुकाट्याने आत येतात.

पण मुखवटा चढवला की हे सगळं गळून पडतं. वाक्यं सगळी पाठ आहेत, जुन्यातल्या जुन्या नाटकांचीसुद्धा. फक्त कुणाची कोणती, ते विसरतात. रंगमंचावरून आल्यावर त्यांचे डोळे बघायला हवे होतेस. "हसले का?" "हसले, बाबा." तेवढी एक गोष्ट त्यांना घरी येईपर्यंत आठवते. मग सांग ना, तत्त्वज्ञान्या, कुठे ठेवू त्यांना? दारात ठेवू, जिथे ते रोज बायकोला गमावतात? की तिथे, जिथे लोक त्यांना हसतात आणि त्यांना वाटतं आपण मैदान मारलं?

हे लंगडं समर्थन आहे, कळतं मला. मला जिंकायचंही आहे. आणि याहून वाईट एक गोष्ट आहे. जत्रेतल्या त्या दिवशी मी रंगपटाच्या फटीतून बघत होतो. ते बायकोच्या मुखवट्यात बाहेर गेले, काठी उगारली, आणि सगळ्यांत आधी कोण हसलं असेल? मीच. रडू येत होतं आणि हसू थांबत नव्हतं. तुमच्या पडवीत याला काही नाव आहे का?

आणखी एक विचार. जन्मभर त्यांनी विसराळू, चक्रम म्हाताऱ्यांची सोंगं वठवली. ते बागेतले आचार्य म्हणाले तसं तर झालं नसेल? सोंग अंगात मुरलं, असं? मला हे खरं वाटत नाही. पण ते दारात उभे राहिले की वाटतं.

आता त्यांना काढता येत नाही, कारण त्यांच्या जागी उभा करायला माणूस नाही. आणि काढलं तर त्यांना काय सांगू? समुद्र खुला झालाय. ये आणि तूच सांग.

ऑनेटर

*

खिऑस बेट
उत्सवाच्या आधीचा आठवडा

दादा,

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी निघालो. पण इथे अडकलोय. वारा तोंडावर आहे आणि एकही गलबत शीड उभारत नाही. बंदरातून एक युद्धनौका वल्ह्यांवर सुटतेय, तिच्यात ओळखीचा एक वल्हेकरी आहे. ते मला घेत नाहीत, पत्र घेतात.

तू विचारलंस, कुठे ठेवू. इथवरच्या प्रवासात मी त्याचाच विचार केला. वहिनी रोज संध्याकाळी काय सांगते ते वाचलं तेव्हा कळलं, की घरात सगळ्यांत शहाणं माणूस कोण आहे. मी मितिलीनीत बसून, मला भाऊ नाही, असं लिहिलं, ते विसर.

एवढंच मागतो. खुंट्या नीट लाव. बाबांनी लोकांना हसवावं, जन्मभर हसवलं तसं. लोकांनी त्यांना हसू नये. पारितोषिकाचं काय व्हायचं ते होवो. हे तुला परवडणारं नाही, मला ठाऊक आहे, तरी मागतो.

वारा फिरला की मी येतोच.

फिलीनस

*

अथेन्स
उत्सव संपला

ऑनेटरकडून फिलीनसला. हे तुला खिऑसला गाठेल, वारा अजून तसाच आहे.

तुझं पत्र नाटकाच्या आदल्या दिवशी मिळालं. मी खुंट्या नीट लावल्या. नाटकातला तो बदलाबदलीचा प्रकार काढून टाकला, राहिलेलं जमेल तसं जोडलं. सोसिबिअसला सांगितलं तेव्हा त्याने नुसतं माझ्या खांद्यावर हात ठेवला. खुंट्यांवरही विसंबलो नाही. प्रयोगाला मी स्वतः रंगपटात उभा राहिलो आणि एकेक मुखवटा त्यांच्या हातात दिला. "हा बाप, बाबा." "ही बायको." ते थुंकायचे, लबाडाला विनवायचे, चढवायचे.

आणि काय काम केलं रे त्यांनी! कंजूष बाप ऑलिव्हच्या बिया मोजून परत बरणीत टाकतो, तिथे बाकांनी भरलेला सगळा डोंगरउतार हसला, आणि ज्याला हसायला हवं त्यालाच हसला. मी फटीतून बघत होतो. लहानपणी बघायचो ते बाबा समोर होते. तू इथे हवा होतास.

मग शेवटचा प्रवेश आला. दर्यापार गेलेला मुलगा परत येतो आणि खांद्यावरचा डाग दाखवतो. बापाने ओरडायचं, "हाच माझा पोरगा!" आणि नाचायचं. एवढंच काम. तुमच्या पडवीत ज्याला हलकी कारागिरी म्हणतात तीच, थट्टेसाठी घेतलेली. मुलाच्या मुखवट्यात सोसिबिअस होता. त्याने डाग दाखवला. बाबा बोलेनात. पुढे झाले, त्याच्या मुखवट्याला हात लावून बघितलं. मग म्हणाले, "थांब, मला नीट दिसत नाही." आणि सगळ्या अथेन्ससमोर त्यांनी स्वतःचा मुखवटा काढला.

असं कुणी कधी केलेलं नाही. ते डोळे बारीक करून सोसिबिअसकडे बघत राहिले. मग लोकांकडे वळले आणि घसा खाकरून, त्या मोठ्या, कसलेल्या आवाजात म्हणाले, "हा माझा मुलगा नव्हे. माझा फिलीनस दर्यापार गेलाय. तुमच्यापैकी कुणी बघितलाय का त्याला?"

मागचे बाक हसून हसून लोळले. त्यांना लांबून ऐकू येत होतं, चेहरा दिसत नव्हता. पुढच्या ओळीत देवाचा पुजारी होता, सेनापती होते, परदेशचे पाहुणे होते. त्यांना चेहरा दिसला. ते आधी हसले, मग एकेक करून गप्प झाले. पुजाऱ्याने मान खाली घातली. फिलीनस, तू आणि तुझे गुरुजी हिवाळाभर सगळ्यांत मागच्या बाकावर बसला होतात. तुला टोचायला लिहीत नाही. मी रंगपटात होतो, सगळ्यांत जवळ, आणि तरी हसलो होतो. माझ्यासाठी तुमच्या गुरुजींना वेगळं सूत्र लिहावं लागेल.

परीक्षकांतले निम्मे हसत होते. सोसिबिअस मुरलेला नट आहे, त्याने वेळ मारून नेली असती. मी आत उभा राहिलो असतो तर कदाचित जिंकलो असतो. असा हशा गेल्या कित्येक वर्षांत त्या उतारावर झाला नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं. मी तसाच, मुखवट्याशिवाय, बाहेर गेलो.

म्हणालो, "चला बाबा, घरी जाऊ."

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि दटावलं, "अरे, मुखवटा विसरलास!"

हशाने कानठळ्या बसल्या. मी त्यांचा हात धरला आणि कोरसच्या मधून, बाजूच्या वाटेने त्यांना घेऊन निघालो. नाटक तिथेच अर्धवट थांबलं. पाचांत पाचवा आलो. ज्या धनिकाने कोरसचा खर्च केला तो तोंडावर थुंकायचा तेवढा राहिला, आणि अधिकाऱ्यांनी सांगितलं, पुढे अर्ज करायचे कष्ट घेऊ नकोस. ठीक आहे. मेलित्ता म्हणते, तिच्या भावाला कुंभारकामात माणूस हवाच आहे.

वारा फिरला की निघ. ते तुला ओळखतीलच असं सांगू शकत नाही. मला तर नाहीच ओळखलं. पण शोधत आहेत ते तुलाच.

घरी आल्यावर त्यांना अंजिराखाली बसवलं. मेलित्ताने जवाची भाकरी आणि चीज आणून दिलं. खाता खाता थांबले आणि नेहमीसारखं विचारलं, "हसले का?"

आजवर मी एकच उत्तर देत आलो. या वेळी जमलं नाही. म्हणालो, "मागचे हसले, बाबा. पुढचे नाही हसले."

त्यांनी घास खाली ठेवला. बराच वेळ विचार केला, धंद्यातल्या माणसासारखा, कपाळाला आठ्या घालून. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून समजूत घातली, "पुढच्यांना फार जवळून दिसतं रे. पुढच्या वेळी मी जरा मागे सरकून उभा राहीन."

ऑनेटर